परकारचाचांचा चांबा

दुबई मरीनात कुणी स्पॅनिश बोलताना दिसलं की परकारचाचा त्याला अडवतात. सलाम नाही, दुवा नाही, खिशातली डायरी काढून थेट विचारतात, "चांबा मीन्स व्हॉट? कमिंग फ्रॉम व्हेअर?"

परकारचाचा मूळचे दापोलीकडचे. शारजातल्या आमच्या गॅरेजचे फोरमन आणि खोलीत माझे शेजारी. इंजिन उघडून बसले की बिघाड सापडेपर्यंत चहालासुद्धा उठत नाहीत. गेलं वर्षभर हीच चिकाटी ते या एका स्पॅनिश बोलीतल्या शब्दावर खर्च करताहेत. रविवारची एकुलती एक सुट्टी त्यात जाते. त्यांची आणि सोबतीला माझीही.

मेक्सिकोचा एकजण म्हणाला, चांबा म्हणजे नोकरी. आमचे मजूर अमेरिकेत गेले, तिथल्या चेंबर नावाच्या कचेरीवरून शब्द आला म्हणतात. स्पेनच्या आजीबाईंनी सांगितलं, छे, चांबा म्हणजे नशिबाने जमलेली गोष्ट. कोलंबियाची बाई म्हणाली, जमिनीत खणतात तो चर.

"नोकरी, नशीब आणि खड्डा!" चाचा लिहिता लिहिता खूश झाले. "हबीबी, हा शब्द गल्फचाच!"

मागच्या रविवारी मात्र स्पॅनिश समजून अडवलेल्या एका इटालियनाने झिडकारलं, मग सिक्युरिटीवाल्याने हटकलं. माझं डोकं फिरलं. मी मोबाइल काढला. "चाचा, दोन मिनिटांत इथे सगळं मिळतं. बघू आणि खलास करू."

"ठेव तो. पहिल्याच दिवशी बघितलंय मी. पंडितांचंही एकमत नाही."

"मग ही वणवण कशाला?"

चाचा बाकावर बसले. त्यांची मुलगी शबाना पुण्यात स्पॅनिश शिकते. ती सहा महिन्यांची असताना ते इकडे आले.

"वीस वर्षं फोन एकच. अब्बा, जेवलात? हो. बरे आहात? हो. खलास. मग तिने हा शब्द विचारला. म्हणाली, तुमच्या दुबईत सगळ्या देशांचे लोक असतात ना, विचारा कुणाला तरी. आता दर रविवारी ती स्वतः फोन करते. कोण भेटलं, काय म्हणालं, पाऊण पाऊण तास. हसते रे!"

मी मोबाइल खिशात टाकला. स्वतःचीच लाज वाटली.

चाचा घाम पुसून उभे राहिले. "यल्ला, ऊठ. चारला तिचा फोन येईल, आणि आज माझ्याकडे तिला सांगायला काहीच नाही."