दाबक्यांचा नाद

इरा आणि निहार,

मी परवा पाठवलेला ऑपेराचा व्हिडिओ बघून तुम्ही लगेच विचारलंत, "शेवटी 'वन्स मोअर' ओरडले ते दाबकेआजोबाच ना? टिपिकल!" पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तर बाळांनो, तो आवाज दाबक्यांचा नव्हता. घरात एखादी चुकीची गोष्ट एकदा रुळली की पुढच्या पिढ्या तीच सांगत बसतात, म्हणून आजच सगळं नीट क्रमाने लिहून ठेवते.

तुमचा गैरसमज होणं साहजिक आहे. आमच्या सेरंगूनच्या ब्लॉकमध्ये 'वन्स मोअर' म्हणजे दाबके. पूर्वी आपल्याकडे संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडायचे आणि नट ते पद परत गायचे. दाबक्यांनी ही प्रथा थिएटरबाहेर काढून सिंगापूरभर मोकळी सोडली. खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमधला चहावाला एका मग्यातून दुसऱ्या मग्यात हातभर उंचीवरून चहा ओततो. ती धार बघून दाबके ओरडायचे, "वन्स मोअर!" त्या बिचाऱ्याला वाटायचं, आणखी एक कप हवाय. दाबके तोही पिऊन टाकायचे. बस हलकेच थांबली, वन्स मोअर. दंतवैद्याने न दुखवता दाढ काढली तेव्हा तोंडात कापूस असतानाही वन्स मोअर. त्या डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे सरकल्या, असं नलिनी सांगते.

नलिनी म्हणजे त्यांची बायको आणि माझी मैत्रीण.

दाबके निवृत्त होईपर्यंत जुरोंग आयलंडवर होते. तिथल्या कारखान्यातल्या सेफ्टी व्हॉल्व्हची जबाबदारी त्यांच्याकडे. आडनाव दाबके आणि आयुष्य गेलं दाब मोजण्यात, हा विनोद ते प्रत्येक नव्या माणसाला एकदा आणि जुन्या माणसाला वरचेवर ऐकवतात. माझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की दारातून आवाज येतो, "वहिनी, दाब बघा, दाब! शिट्टी कण्हतेय."

नलिनी लग्नाआधी गायची. साधंसुधं नाही, पुण्यात तिच्या नाट्यपदांना लोक उठून दाद द्यायचे. इथे आल्यावर दाबक्यांना रात्रपाळ्या. सकाळी कंपनीची बस त्यांना आणून सोडायची, मग ते दिवसभर झोपायचे. भिंती पातळ. तानपुरा आधी कपाटात गेला, मग कपाटावर, मग पुण्याला. नलिनीने याबद्दल कधी तक्रार केली नाही. "अगं, रात्रभर व्हॉल्व्हकडे डोळे लावून बसायचे ते. झोप नको का? त्यांची चूक झाली असती तर सगळं बेट उडालं असतं."

निवृत्त झाल्यावर दाबक्यांनी तिला गा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आता काय उरलंय गळ्यात? काही नाही." त्यांनी यूट्यूब लावून दिलं, मराठी मंडळाच्या गणपतीत परस्पर तिचं नाव दिलं, दोन महिने सकाळ-संध्याकाळ घसा शेकायला गरम पाणी दिलं. नलिनी पाणी पिऊन भांडं विसळून ठेवायची. गाणं नाही.

मग एक दिवस ते ऑर्गन घेऊन आले. तुम्हाला चर्चमधला ऑर्गन आठवेल, तो नव्हे. आपल्या नाटकांत वाजायचा तो, पायांनी भाता मारायचा, कपाटाएवढा. इथल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना दिसला. "साथीला ऑर्गन असला की ती गाईल, वहिनी. न गाऊन जाईल कुठे?" लिफ्टमध्ये ऑर्गन आणि दाबके दोघं मावेनात. ऑर्गन लिफ्टने गेला, दाबके जिन्याने, आणि मधल्या प्रत्येक मजल्यावरून वर ओरडत होते, "नलू, दार उघड! तुझी साथ येतेय!"

साथ आली ती मुकी. पाय मारले की नुसता दम लागलेल्या माणसासारखा आवाज. आयुष्यभर गळती शोधलेला माणूस तो, एका दुपारीत त्यांनी सगळा ऑर्गन खोलून हॉलभर मांडला. भात्याच्या घड्यांना आतून ठिगळं होती. कुणीतरी फार पूर्वी जाड कागद एकावर एक डकवून भाता शाबूत ठेवला होता. दाबक्यांनी वाफेने कागद सोडवले. पाहतात तर प्रत्येकावर हाताने लिहिलेले पाश्चात्य संगीताचे स्वर आणि खाली शब्द.

अक्षरं इंग्रजी आणि भाषा इंग्रजी नाही, म्हणजे गोवा. मराठी माणसाचं डोकं आणखी कुठे जाणार? दाबके निम्मा दिवस गोव्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोनवरून शब्द वाचून दाखवत होते. तो शेवटी म्हणाला, "बाबा, हे पोर्तुगीज नव्हे. आणि असलंच, तर तू वाचतोस तसं नव्हे."

संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. हातात एक कागद, डोळे चमकलेले. "वहिनी, हा कोण माहीत नाही, पण आपल्यातला आहे! बघा, काय लिहिलंय. नाद! नाद, नाद, नाद! सुरांखाली 'नाद' लिहिणारा माणूस! याला नादब्रह्म ठाऊक होतं!"

मी चष्मा लावला. खरंच, n-a-d-a. एकाच ओळीत कितीतरी वेळा.

शेजारच्या ब्लॉकमध्ये मिस रेमी राहतात. फिलिपिन्सच्या, पियानो शिकवतात, हौशी गायकांचं एक मंडळ चालवतात. मी दाबक्यांना त्यांच्याकडे घेऊन गेले, नलिनीही आली. मिस रेमींनी पानं पियानोवर पसरली आणि एकदम उभ्या राहिल्या. "अंकल, धिस इज स्पॅनिश. माझी आजी बोलायची. हा ऑपेरा आहे. शेवटचा अंक." मग दाबक्यांनी बोट ठेवलेल्या ओळीकडे पाहून त्या हसल्या. "आणि नाद नाही, अंकल. नादा. मीन्स नथिंग. काहीच नाही."

"नाद म्हणजे काहीच नाही?" दाबके एवढे दुखावले की जणू त्यांच्यासमोर व्हॉल्व्ह फुटला.

मिस रेमी अडखळत अर्थ सांगत गेल्या. समुद्रकाठचं गाव. तिथला घंटा ओतणारा कारागीर. घंटेचा सूर जुळवायला त्याला शांतता लागते, म्हणून त्याची बायको गाणं सोडते. वर्षं जातात. एके दिवशी धुकं येतं, गावाच्या होड्या समुद्रात अडकतात आणि नेमकी त्याची मोठी घंटा तडकते. तेव्हा ती बाई धक्क्यावर उभी राहून गाते, आणि तिच्या आवाजाच्या रोखाने होड्या परत येतात. कारागीर तिला विचारतो, इतकी वर्षं हा आवाज तू कुठे ठेवला होतास, काय केलंस त्याचं? ती म्हणते, नादा. नादा, नादा.

दाबक्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं," म्हणाले. या माणसाला एका शब्दात बोलताना मी प्रथमच पाहिलं. नलिनी पियानोवरची धूळ बोटाने टिपत होती.

त्यानंतर दाबक्यांना नाद लागला. मराठीतला नाद! पानांचे फोटो त्यांनी जगभर पाठवले. महिनोन्महिने काही नाही. मग स्पेनमधल्या एका म्हाताऱ्या संगीताच्या प्राध्यापकाचं उत्तर आलं. तिथल्या एका बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या तळघरात एका ऑपेराचे दोन अंक पडून होते. त्यात घंटा होती, कारागीर होता, गाणं सोडलेली बाई होती. शेवट नव्हता, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. अक्षर तेच होतं. मुलांनो, विचार करा. तिकडे धूळ खात पडलेल्या बाईची गोष्ट अर्धी राहिली होती आणि तिचा शेवट इकडे सेरंगूनला, एका पेटीच्या पोटात, दुसऱ्यांची गाणी वाजावीत म्हणून हवा धरून बसला होता. तो इथे कसा आला, हे प्राध्यापकांनाही सांगता आलं नाही. मनिलाहून एखादी फिरती नाटक कंपनी आली असेल, रद्दी मागे टाकून गेली असेल, असा त्यांचा अंदाज. पहिलं पान दोन्हीकडे नव्हतं, त्यामुळे नावही नाही. दाबके त्याला 'घंटेवाली' म्हणू लागले आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मिस रेमींच्या मंडळाने घंटेवाली बसवायला घेतली. पाया लेबार भागातल्या एका छोट्या सभागृहात तालमी. दाबके पहिल्या रांगेत बसून शेरे मारायचे. "सोप्रानो, प्रेशर गुड! टेनर, लीकेज!" टेनर म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष, इथे बँकेत काम करणारा एक भला चिनी तरुण. तो दर वेळी घाबरून गळ्याला हात लावायचा. मिस रेमींनी शेवटी सांगितलं, "अंकल, वन मोअर वर्ड अँड यू सिंग द टेनर, हां." तेव्हापासून दाबके शेरे फक्त हातवाऱ्यांनी देऊ लागले. नलिनी चिवड्याचा डबा घेऊन शेवटच्या रांगेत बसायची. मी तिच्या शेजारी. तिसऱ्या अंकाला तिचा हात डब्याच्या झाकणावर थांबायचा आणि ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ.

एकदा दाबक्यांनी मागे वळून ते पाहिलं. पटकन पुढे तोंड केलं. त्या दिवशी मी त्यांना बसस्टॉपवर विचारलं, "आता तिला परत एकदा म्हणा ना, गा म्हणून." ते म्हणाले, "आता कुठल्या तोंडाने म्हणू, वहिनी? चांगलं गाणं मी ठिगळ म्हणून वापरलं. माझी झोप गळू नये म्हणून." मग बस आली, अगदी हलकेच थांबली, आणि दाबके काही बोलले नाहीत.

आता तुमचा व्हिडिओ. सभागृह भरलेलं होतं. स्पेनचे प्राध्यापक काठी टेकत आले होते. तिसरा अंक सुरू झाला. मंचावर पांढरं धुकं सोडलं होतं. त्यात घंटेवाली झालेली सोप्रानो मुलगी एकटी उभी राहिली आणि तिने सूर लावला. माझ्या हातातला रुमाल तसाच राहिला. तो सूर पूर्वी ज्यांनी ऐकला असेल, त्यांच्यातलं कुणीही आज पृथ्वीवर नाही. गायिका गेली, वाजवणारे गेले, लिहिणाऱ्याचं नावसुद्धा गेलं. आणि तो सूर मात्र, काल कुणी शेजारच्या खोलीत ठेवून गेल्यासारखा, हवेत उभा होता. देवळात जावं तसं वाटलं. शेजारचा एक दोन वर्षांचा मुलगा चिप्सचं पाकीट कुरकुरवत होता, तोही थांबला.

"नादा," तिने म्हटलं. "नादा, नादा."

गाणं संपलं. आमच्या ब्लॉकची सगळी मंडळी दाबक्यांकडे बघू लागली. आता हा माणूस ओरडणार. दाबके मान खाली घालून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, एखाद्या शिक्षा झालेल्या मुलासारखे.

आणि माझ्या शेजारी नलिनी उठली. चिवड्याचा डबा खाली पडला, घरंगळला. ती ओरडली, "वन्स मोअर!"

तो आवाज तुम्ही ऐकलात. जाड, फाटलेला, गंजलेलं दार उघडावं तसा. तुम्हाला पुरुषाचा वाटला यात तुमची चूक नाही. वाद्यवृंद गोंधळला. वाद्यवृंदापुढे उभ्या मिस रेमींनी मागे वळून पाहिलं, कोण ते ओळखलं, आणि हात परत वर केला. ती मुलगी परत गायली. स्पेनचे प्राध्यापक शेजाऱ्याला विचारत होते की ही सिंगापूरची रीत आहे का.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. हॉलच्या भिंतीवर दाबक्यांच्या सर्टिफिकेटांच्या चौकटी असायच्या, इतकी वर्षं अपघाताविना काम केल्याबद्दल कंपनीने दिलेल्या. त्या रिकाम्या होत्या. नुसती काच, मागे भिंत. ऑर्गन परत जोडलेला होता. जुनी पानं स्पेनला रवाना झाली होती, तेव्हा भात्याला ठिगळं लागणारच.

"जाड कागद आहे, वहिनी," दाबके म्हणाले. "पहिल्यांदाच कामाला आला."

ते स्टुलावर बसले आणि पाय मारू लागले. पेटीने दम घेतला आणि सूर धरला. एकच सूर, काळी चारचा, नलिनीचा जुना. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एका पंच्याची तिने दोनदा घडी घातली, दोनदा मोडली. मग खिडकीकडे तोंड करून गायली. चाल घंटेवालीचीच, पण वळणं आपली, आणि शब्द तिने आपल्या पद्धतीने म्हटला. नादा नाही. नाद. नाद, नाद.

वरचा सूर फाटला. ती थांबली नाही, तिथूनच खाली उतरली.

मला वाटलं, आता हा माणूस छप्पर उडवणार. दाबक्यांचे पाय चालूच होते. पाठ माझ्याकडे होती. ते अगदी हळू, परवानगी मागावी तसं म्हणाले, "परत म्हणशील?"

मी डबा चपलांच्या शेजारी ठेवून घरी आले.

तेव्हा मुलांनो, नीट लक्षात ठेवा. घंटेवालीचे तीनही अंक आता स्पेनमध्ये एकत्र आहेत. ऑर्गन दाबक्यांच्या हॉलमध्ये आहे, त्याच्या भात्यात त्यांची सर्टिफिकेटं आहेत आणि तो गळत नाही. नलिनीचा वरचा सूर गेला आहे. खालचे सगळे आहेत.