दाजींची सोमवारची किल्ली

दुपारी जेवायला काय आहे, हे आमचे दाजी शेतातून घरी वायरलेसवर विचारत, तेव्हा पिठल्याला ‘पिवळा झेंडा’ म्हणत आणि मेथीला ‘हिरवी तुकडी’. वांग्याला नाव नव्हतं, कारण वांगं त्यांना आवडत नसे. “ते वैऱ्याला कळू द्या,” म्हणत. देवळाली प्रवराच्या अलीकडच्या एका खेड्यात आपल्या पिठल्यावर टपलेला हा वैरी कोण, असं ताईने त्यांना पुष्कळदा विचारलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकूताईचे, यजमान. फौजेत सिग्नलमध्ये होते. निवृत्त होऊन गावी आले, ऊस लावला आणि पुढे फवारणीचं ड्रोन घेतलं. ताई आता नाही. ती कशी गेली हे सांगताना आमच्या घरात सगळे दाजींचं नाव घेतात, मीही घेतो. मी त्यांच्या बाजूने लिहीत नाही, एवढं वाचकाने धरून चालावं.

हवेत उडणाऱ्या वस्तूने आपण कोण ते सतत सांगत राहिलं पाहिजे, असं दाजींचं मत. त्यांचं ड्रोन आपला नंबर हवेत सोडत फिरायचं आणि तो नंबर दाजींनी ग्रामपंचायतीला दिलेल्या एका डबीच्या पडद्यावर उमटायचा. चोर ड्रोन उडवतात अशी आवई तेव्हा गावोगाव उठली होती, त्यामुळे लोकांना ही डबी बरी वाटली. मग लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका महाभागाने गंमत केली. स्वतःच्या ड्रोनला दाजींचा नंबर बोलायला लावलं आणि ते सरपंचबाईंच्या गच्चीवर नेऊन थांबवलं. गच्चीवर बायका कुरडया घालत होत्या.

सरपंचबाई स्वतः दारात आल्या. “दादा, वय काय तुमचं? आन् आमच्या गच्चीवर काय बघायचंय?”

“माझं न्हाई ते! माझं ड्रोन खोलून ठिवलंय हितं.”

“डबीवर तुमचाच नंबर हाय की.”

ताई आतून म्हणाली, “वहिनी, कुरडया मोजून घ्या बरं. यांना लई आवडत्यात.”

गाव कितीतरी दिवस हसलं. दाजी हसले नाहीत. “मास्तर,” ते मला म्हणाले, “उघडा नंबर म्हंजी दुसऱ्याच्या मोटारसायकलची पाटी लावून हिंडायची सोय. नाव कुनीबी घेईल. ते खरं हाय याची खूण पायजे, आन् ती खूण कुलपात पायजे.”

त्यांनी कुलूप बसवलं. किल्ली म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. एक ड्रोनमध्ये, तीच डबीत. दोन्ही जुळल्या की हिरवा दिवा. दर सोमवारी सकाळी जुनी किल्ली काढून नवी भरायची. जुनी किल्ली म्हणजे फुटलेली किल्ली, असं ते म्हणत.

तिथेच थांबले असते तर मी हे हसत लिहिलं असतं. त्यांनी घरातले दोन्ही वायरलेस सेटही त्याच किल्लीच्या कुलपात घातले. एक त्यांच्या कमरेला असे, एक ताईच्या पिशवीत.

“आता पिठलं म्हन मोकळ्यानं,” ते ताईला म्हणाले. “आपल्या दोघांबिगर कुनाला ऐकू यायचं न्हाई.”

“तुमाला आलं तरी लई झालं,” ताई म्हणाली.

ताई गेली त्या सोमवारी सकाळी चहावरून दोघांत खटका उडाला. ताई रागातच सेट पिशवीत टाकून कालव्याकडच्या उसावर निघून गेली. तिथे मोबाईलला रेंज नाही. दाजींनी डबीत, ड्रोनमध्ये आणि स्वतःच्या सेटमध्ये नवी किल्ली भरली. ताईच्या सेटमध्ये जुनीच राहिली. किल्ली जुळली नाही की सेट आवाज आत घेतच नाही, खरखरसुद्धा होत नाही. आपल्या सेटचं दाजी हेच कौतुक सांगत असत.

ते मागाहून शेतावर पोचले तेव्हा ती उसाच्या पलीकडच्या बांधावर होती. सेटवर बोलत नाही म्हणजे रुसली असणार, असं धरून त्यांनी फवारणी सुरू केली. सगळा तुकडा पुरा केला. कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी धावत आला तेव्हा ते टाकी धूत होते. ताईच्या छातीत कळ आली होती. सेट तिच्या हातात होता आणि बटण दाबून धरलेलं होतं, असं पाटकऱ्याने सांगितलं. तिला वाटत असणार, आपलं बोलणं पोचतंय.

परवा मी तिचा सेट मागायला गेलो. तो त्या घरात राहू नये, असं मला वाटत होतं. दाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी आपल्या सेटचं कुलूप काढून टाकलेलं. पूर्वी ज्याला ते कचरा म्हणत तो सगळा गोंगाट त्यातून मोठ्याने येत होता. ऊसतोडीचे मुकादम, ट्रॅक्टरवाले, कुणाच्यातरी शिव्या. मधेच एक बाई बोलली.

“आरं दत्तू, हाय का? ट्रॉली फसली रं.”

दाजींनी बटण दाबलं. “बोला बाई.”

“दत्तू न्हाई का?”

“न्हाई. पन मी ऐकतोय. कुठं फसली?”

तिने बंधारा सांगितला. दाजींनी फोन करून कुणाचातरी ट्रॅक्टर धाडला आणि तिला सांगितलं, “निघालाय. सावलीला बसा. काय लागलं तर परत बोला, मी हाय हितं.”

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मास्तर, आंघोळ ऱ्हायलीय. एवढा सेट धरा जरा. कुनी बोललं तर...”

मी हात पुढे केला. ते मोरीत गेले. दार लोटलेलं, कडी घातलेली नव्हती. एक तांब्या अंगावर घेतल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा तांब्या, आणि पुन्हा ते कान देऊन थांबले.