हलायचं नाही, बोलायचं नाही

दात पडायच्या बेतात होता आणि टकळी तो जिभेने पुढेमागे ढकलत होती. प्रत्येक वेळी मामा तिच्या हनुवटीखाली ओंजळ धरत होता.

"जिभेला जरा विश्रांती दे की गं."

"मी काही करतच नाहीये. तो आपोआप हलतोय."

टकळी त्याची सहा वर्षांची भाची. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. तोंडाला दिवसभर खंड नसायचा म्हणून घरीदारी ती टकळीच. तिची आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, नर्स होती. टकळीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा आई ड्युटीवर. पहिला शब्द बोलली तेव्हाही ड्युटीवर. आज दोघांना भूशास्त्र संग्रहालयाच्या फाटकाशी सोडताना तिने भावाला बाजूला घेतलं.

"पहिलं पाऊल हुकलं, पहिला शब्द हुकला. हा पहिला दात तरी मला बघायचाय. चार वाजता येते. तोवर पडू देऊ नकोस. आणि पडलाच तर हरवू नकोस."

"ताई, मी घड्याळजी आहे. आजवर माझ्या हातून एक स्क्रू हरवलेला नाही."

हे मात्र खरं होतं. मामाच्या दुकानात जमिनीवर काही पडलं, की एकच हुकूम सुटे: हलायचं नाही, बोलायचं नाही. एकदा एक गिऱ्हाईक एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून पंधरा मिनिटं तसंच उभं होतं. दुकानातल्या भिंतीवर पाटी होती, 'कशालाही हात लावू नये'. आणि इथे दारातच लिहिलेलं, 'प्रत्येक वस्तूला हात लावा'. ते वाचूनच मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

आत भूकंपाचा हलता चौथरा होता. "नको, दाताला हादरे बसतील," मामा म्हणाला. पंप मारून ज्वालामुखी उडवायचा होता. "नको, जोर लावताना दात आवळले जातात." दगड उचलून वजनाचा अंदाज करायचा होता, त्यालाही तेच कारण. साडेतीनपर्यंत टकळीचा चेहरा एवढासा झाला आणि हात लावण्यासारखं एकच ठिकाण उरलं. मोठा चौकोनी वाळूचा खड्डा. त्यात प्राचीन प्राण्यांची हाडं आणि दात पुरलेले, मुलांनी ब्रशने वाळू सारून ते शोधायचे. वाळू मऊ असते असा विचार करून मामाने परवानगी दिली आणि दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं, तो बाकावर टेकला.

टकळी हसत त्याच्याकडे वळली. हसण्याच्या मधोमध खिडकी उघडी होती.

"टकळे, दात?"

ती सांगायला तोंड उघडणार, तोच इतक्या वर्षांची सवय मामाच्या तोंडून बाहेर पडली. "हलायचं नाही, बोलायचं नाही."

खड्ड्यातली बाकीची मुलं क्षणभर थबकली आणि पुन्हा कामाला लागली. टकळी मात्र सुट्टीत मामाच्या दुकानात बसणारी. आयुष्यात एकच शिस्त तिच्या अंगी भिनली होती, ती ही. तिने तोंड मिटलं आणि होती तिथे उभी राहिली.

मामाने खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, चिमटा हातात घेतला आणि खड्ड्यात गुडघे टेकले. बोटाने वाळूत वीतभराचे चौकोन आखून एकेक पालथा घालायला सुरुवात केली. ताईला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

डोळ्याला भिंग लावलेला, हातात चिमटा धरलेला माणूस पाहून मुलांनी जो समज करून घ्यायचा तो घेतला. एक मुलगी भलामोठा दात घेऊन आली. "काका, हा कुठल्या प्राण्याचा?"

मामाने आशेने पाहिलं. "नाही. हा नव्हे. हा प्लास्टरचा आहे."

मागून दुसरी. "हासुद्धा प्लास्टरच. कडेला साच्याची रेघ दिसतेय बघ."

पाच मिनिटांत रांग लागली. कोण जाणे, यातल्याच एखाद्याच्या हाती लागला असेल, म्हणून मामा कोणालाही परत पाठवेना. "प्लास्टर. प्लास्टर. हा तर कडेच्या सिमेंटचा टवका." पहिल्या मुलीने भोकाड पसरलं, आणि रडणं रांगेतून मागे सरकत शेवटच्या मुलापर्यंत पोचलं.

"अहो, जरा गोड बोला," एक वडील म्हणाले. "एवढे तज्ज्ञ तुम्ही."

"मी तज्ज्ञ नाही हो. मी दात शोधतोय."

"मग मी काय वेगळं म्हणतोय?"

गलका ऐकून निळा एप्रन घातलेल्या संग्रहालयाच्या बाई धावत आल्या. मामाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काका, या खड्ड्यातलं सगळं प्लास्टरचंच असतं. आम्ही ते मुलांना सांगत नाही."

"मला खरा हवाय."

"खरे वरच्या मजल्यावर काचेत आहेत."

"हा दहा मिनिटांपूर्वीपर्यंत तोंडात होता, मॅडम."

बाईंची नजर मामाच्या तोंडाकडे गेली.

"माझ्या नव्हे, भाचीच्या," मामा म्हणाला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. "बहिणीने आजवर माझ्याकडे एवढंच मागितलंय हो."

बाईंनी एप्रन खोचला, चाळण्या आणल्या आणि रडणाऱ्या पोरांना नवं काम दिलं: सगळ्यात लहान, सगळ्यात पांढरा, एकमेव खरा दात. रडणं थांबलं. वाळू चाळली जाऊ लागली. भिंतीवरच्या घड्याळाकडे मामाने आयुष्यात प्रथमच घाबरून पाहिलं.

चाराला पाच कमी असताना त्याच्या चाळणीत काहीतरी चमकलं. भिंगाखाली साच्याची रेघ नव्हती. "खरा," मामा पुटपुटला, आणि दात स्क्रूच्या डबीत ठेवून तिथेच वाळूत फतकल मारून बसला.

ताई आली तेव्हा त्याने डबी तिच्यापुढे धरली. "पडला, पण हरवला नाही."

ताईने डबी उजेडाकडे धरून आत पाहिलं. डोळे भरून आले तिचे. मग तिने लेकीला शोधलं. टकळी खड्ड्याच्या मधोमध उभी होती. तोंड गच्च मिटलेलं, उजवी मूठ आवळलेली, चेहरा लालबुंद.

"ही अशी काय उभी आहे? आणि गप्प?"

गेल्या अर्ध्या तासात त्याने वाळूचा कण न् कण पाहिला होता. पोरीकडे तेवढं पाहिलं नव्हतं. "टकळे, झालं. हल. बोल."

"मी तेव्हाच सांगणार होते की दात माझ्या हातात आहे, पण मामा म्हणाला बोलायचं नाही, मग मला नाकाला खाज सुटली, मग एकाने माझ्या बुटात वाळू टाकली, तरी मी मूठ सोडली नाही." टकळीने मूठ उघडली. घामेजलेल्या तळहातावर दात होता.

ताईने आधी तो तळहात गालाला लावला, मग दात घेतला. "हा थांबला गं माझ्यासाठी," ती म्हणाली. मग डोळे पुसून भावाकडे वळली. "आणि तू कोणाचा दात उचलून आणलास रे?"

मामाने एकेका पोराला तोंड उघडायला लावलं. कोणाचाच नव्हता. बाईंनी डबी हातात घेतली. "अकरा वर्षं झाली या खड्ड्याला," त्या म्हणाल्या. "यात काहीतरी खरं सापडलं, ते आजच."

पुढच्या महिन्यात टकळीने हट्ट धरला म्हणून मामा तिला घेऊन पुन्हा गेला. वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात दात ओळीने मांडले होते. मुठीएवढ्या एका दाताखाली लिहिलं होतं, 'वय: अंदाजे सात कोटी वर्षे'. त्याच्या शेजारी, लाल मखमलीवर, तांदळाएवढा एक. 'शोधकर्ता: एक घड्याळजी. वय: अंदाजे सहा वर्षे.'