तेहतीस पाप्यांचा वसा

बाळांनो, मांडी घालून नीट बसा. एका जंगलात एक साळूबाई राहायची. अंगावर काटे, पण मन लोण्याचं.

एकदा ज्येष्ठात अधिक महिना आला. बायका तेहतीस अनारशांचं वाण देतात. साळूबाईचे अनारसे तुपात हसायचे, पार विरून जायचे. म्हणून तिनं वेगळा वसा घेतला. तेहतीस पापी चव्हाट्यावर आणायचे. रोज एकाचा व्हिडिओ जंगलाच्या ग्रुपवर टाकायचा, मगच पानावर बसायचं. दोन्ही एकादशींना आणि पौर्णिमेला दोन-दोन.

सुरुवात छान झाली. कोल्हा पाणवठ्यात थुंकला. माकडानं रांग मोडली. दोघेही वठणीवर आले.

बाविसाव्या दिवशी भिकोबा रानडुक्कर येसूआजी कासविणीवर खेकसला, "सरक गं म्हातारे, दगडासारखी काय बसलीस?" साळूबाईनं ते टिपलं, ग्रुपवर टाकलं आणि वरणभात जेवली.

सकाळपर्यंत तीनशे जणांनी भिकोबाला शिव्या घातल्या. काही तर भिकोबालाही नव्या होत्या. दुपारी त्याच्या पिल्लांना पाणवठ्यावरून हाकललं. दुसरं पाणी दोन डोंगरांपलीकडे.

येसूआजी साळूबाईकडे निघाली. पोचायला दोन दिवस लागले.

"साळू, काढून टाक गं ते. त्याच संध्याकाळी तो येऊन पाया पडला. मी चांगला झापला, मग गूळपाणी दिलं. संपलं."

"तुमचं संपलं, आजी. जंगलाचं कुठं संपलंय?"

"बोल मला लागला होता ना?"

"लागला तुम्हाला. दुखलं सगळ्यांना."

"आणि पिल्लं? त्यांनी कुणाला म्हातारी म्हटलं?"

साळूबाईला गलबलून आलं. बोट मोबाइलवर गेलंही. पण एक पापी कमी झाला तर वसा मोडणार. त्यात दिवस कलला होता, आजचा पापी मिळाला नव्हता आणि पोटात कावळे ओरडत होते.

"आजी," ती अदबीनं म्हणाली, "जरा उजेडाकडे तोंड करता का?"

त्या संध्याकाळी ग्रुपवर येसूआजी झळकली. खाली लिहिलं होतं, 'पाप्याला गूळपाणी पाजणारी.' साळूबाई पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी भिकोबाचं बिऱ्हाड डोंगरांपलीकडे निघालं. पुढे पिल्लं, मागे भिकोबा, त्याच्या पाठीवर येसूआजी.

"नीट चाल रे मेल्या, हिसके बसतात."

"हो आजी."

साळूबाईनं मोबाइल उचलला. बराच वेळ धरून ठेवला. पण त्यात टाकण्याजोगं काही दिसेना.

तात्पर्य : ज्याचा अपमान झाला, त्यानं परस्पर क्षमा करू नये. ज्यांचा झाला नाही, त्यांना आधी विचारावं.

तुम्हीही हा वसा घ्या हं, बाळांनो. अधिक महिन्यासाठी थांबू नका. शेजारी कुणी राहत असलं की पुरे.