चौतीस अंशांचं यश

ऊन जितकं कडक तितकी सौरवीज जास्त, अशी सामान्य माणसाची समजूत असते, आणि म्हणूनच सामान्य माणसाला समितीवर घेत नाहीत. सौरपॅनेलला उजेड मानवतो, उष्णता मानवत नाही. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची वीज अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी, भर दुपारी, ते कामात मंदावतं. या एका गुणामुळे ते सरकारी इमारतीवर आल्या दिवसापासून रुळलं.

हे रुग्णालय तीन मजली होतं. सर्वांत वर, तापलेल्या स्लॅबच्या थेट खाली, बायकांचा वॉर्ड. वॉर्डातले छताचे पंखे गच्चीवरच्या बेचाळीस पॅनेलांवर चालत. अधीक्षकांच्या खोलीतला एसी मात्र बाहेरून येणाऱ्या, कधीही न जाणाऱ्या लाईनवर होता (सगळा भार एकट्या सूर्यावर टाकू नये, हा त्यामागचा विचार). दुपारी बारानंतर वॉर्डातल्या पंख्यांची पाती मोजता येत. रुग्ण ती मोजत. प्रत्येक पंख्याला तीनच असल्यामुळे करमणूक फार वेळ पुरत नसे.

रुग्णालयाच्या वायरमनला ही गोष्ट जिव्हारी लागली, कारण चौदा नंबरच्या खाटेवर त्याची आई होती. तिला धाप लागायची. डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या आणि ‘भरपूर वारा’ असं लिहून दिलं होतं. गोळ्या मिळाल्या.

वायरमन गच्चीवर गेला. पॅनेलं बसवणाऱ्याने ती चटई अंथरावी तशी थेट स्लॅबवर अंथरली होती. खालून वाऱ्याला शिरायला बोटभर जागा नव्हती. त्याने अर्ज केला : पॅनेलं वीतभर उंच चौकटींवर घ्यावीत, म्हणजे खालून वारा फिरेल. रोज सकाळी धूळ पुसावी. दोन ओळींच्या अर्जावर कारवाई करण्याची तरतूद नसल्याने समिती नेमण्यात आली.

समितीत अकरा सदस्य होते. त्यांपैकी नऊ जणांनी गच्ची पाहिली नव्हती आणि उरलेल्या दोघांना उन्हाचा त्रास होता. माईकची वायर सैल असल्यामुळे ती धरून ठेवायला वायरमनलाही बसवून घेतलं. पहिल्याच बैठकीत उद्दिष्ट ठरलं : पॅनेल थंड करणे. दुपारी दोनचं तापमान रोज लिहिण्यासाठी एक छापील तक्ता आला. पहिल्या दिवशी आकडा भरला अडुसष्ट.

“साहेब, किती वीज निघाली त्याचाही एक रकाना ठेवा,” वायरमन वायर धरूनच म्हणाला.

“तक्ता वरून आलाय,” अधीक्षक म्हणाले. “वरच्यांना काही कळत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

वायरमनला तसंच म्हणायचं होतं. पण त्याची आई चौदा नंबरला होती, म्हणून त्याने वायर आणखी घट्ट धरली.

आधी फवारे आले. अकरा ते चार पॅनेलांवर पाणी उडू लागलं आणि तापमान चव्वेचाळीसवर उतरलं. पंपाला लागणारी वीज ही पॅनेलांच्या वाढलेल्या विजेच्या तिप्पट होती, पण तिला रकाना नव्हता. त्याच वेळात वॉर्डाचे नळ कोरडे पडत, त्यालाही नव्हता. शिवाय पाणी जड निघालं. तीन आठवड्यांत पॅनेलांवर पांढरा थर चढला, आणि समितीने त्याची नोंद ‘उष्णता परावर्तित करणारा नैसर्गिक लेप’ अशी केली.

मग वाऱ्याचा प्रयोग झाला. वॉर्डात नऊ उभे पंखे होते. ते गच्चीवर नेऊन पॅनेलांकडे तोंड करून ठेवायचं ठरलं, आणि दिवसभर अखंड चालावेत म्हणून अधीक्षकांच्या लाईनवर जोडायचं ठरलं. जोडणी अर्थातच वायरमनने केली. आईच्या खाटेजवळचा पंखा त्याने शेवटी उचलला.

“कुठे नेतोस रे?”

“गच्चीवर. पॅनेलांना वारा घालायला.”

“त्यांना काय झालंय?”

“उष्णता होते त्यांना.”

“मग ने बाबा,” आई धापा टाकत म्हणाली. “कुणाची तरी सोय होऊ दे.”

वायरमनचे डोळे भरून आले. ते पुसायला हात मोकळे नव्हते.

तापमान एकोणचाळीस झालं. पण समिती आता इरेला पेटली होती. अखेर उन्हाच्या मुळावरच घाव घालायचं ठरलं आणि संपूर्ण गच्चीवर दाट कापडाचं छप्पर घातलं गेलं. (छपराच्या खांबांसाठी चौकटीच वापरल्या. वायरमनच्या अर्जातला ‘चौकटी’ हा भाग मान्य झाला तो असा.) दुपारी दोन वाजता पॅनेल चौतीस अंशांवर आलं. त्याच दुपारी वॉर्डातले छताचे पंखे थांबले, ते कायमचे. बायकांना पाती मोजणं तेवढं सोपं झालं.

वायरमनने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने आईला पाठीवर घेतलं आणि गच्चीवर नेऊन पॅनेलांच्या मधल्या वाटेत सतरंजीवर निजवलं. वर सावली, बाजूने फवारे, नऊ पंखे. अर्ध्या तासात तिचा श्वास खाली बसला. महिन्यात पहिल्यांदा ती गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी अकरा आणि दहा नंबरच्या बाया आल्या, आणि आठवडाभरात सगळा वॉर्ड वर आला. औषधं निम्म्यावर आली. डॉक्टर खूश झाले.

पण तक्त्यात आकडा पडला छत्तीस.

समितीने जागेवर येऊन चौकशी केली (गच्ची गार झाल्यापासून सगळे सदस्य येऊ लागले होते). एका रुग्णाचं शरीर सदतीस अंश असतं, तापात त्याहून जास्त. अशा चोवीस जणी पॅनेलांशेजारी निजल्या तर दुसरं काय होणार? संध्याकाळी पाटी लागली : ‘ही सावली फक्त पॅनेलांसाठी आहे.’ वायरमनने आईला पुन्हा पाठीवर घेतलं आणि जिना उतरला. आकडा चौतीसवर आला.

पुढे प्रकल्प पुरस्कारासाठी लोकांसमोर मांडला गेला. फोनवर एक फोटो आणि एक प्रश्न आला : ‘आपल्या रुग्णालयाची पॅनेलं थंड राहावीत असं तुम्हाला वाटतं का?’ चार हजार तीनशे सात लोकांनी ‘हो’वर बोट ठेवलं. ‘नाही’ एक आलं. ते कुणाचं, याची चौकशी चालू आहे.

अहवाल शहाण्णव पानी निघाला, जाड पुठ्ठ्याचा. तो हातात चांगला बसतो आणि वाराही बरा येतो. वायरमन रोज दुपारी चौदा नंबरपाशी बसून तोच हलवतो. आईचा श्वास त्याच्या हाताबरोबर चालतो, त्यामुळे हात थांबवता येत नाही. ‘हो’ म्हणणाऱ्यांची यादी अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापली आहे. तुमचं नाव पान एक्क्याण्णववर आहे. बोट ठेवलं तेव्हा तुम्ही पंख्याखाली बसला होतात आणि प्रश्न तुम्हाला चांगला वाटला होता.

भेटायची वेळ चार ते सहा. अर्धा तास हात बदलायला आलात तर त्याला जेवता येईल. येताना पंखा आणू नका. तो गच्चीवर जमा होतो.