केस तिचे, टक्कल त्याचं

"आज तुम्ही वाटेत कुठेही दिसलात ना, तर मी तिथूनच माघारी फिरेन. सांगून ठेवते," बायकोने बुटाची नाडी करकचून आवळत बजावलं. "शेवटच्या रेषेपाशी उभं राहायचं, मी आले की टाळ्या वाजवायच्या. बास."

"अगं, पण चक्कर आली तर?"

"तर पडेन. लोक उचलतील."

लिफ्टवाल्याला ती आत्ताच पडलेली दिसली. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. आता या धंद्यातल्या माणसाची नजरच संशयी. लिफ्ट सुरळीत चालली असली तरी त्याला दिसायचा तो पुढचा बिघाड. बायकोला कॅन्सर झाल्यापासून तर त्याने घरातच पहारा बसवला होता. ती नुसती शिंकली की हा थर्मामीटर घेऊन हजर! डॉक्टर म्हणाले, "आता ठणठणीत आहेत." तिने 'ठणठणीत' ऐकलं. याने 'आता' तेवढं ऐकलं.

आणि ते टक्कल! उपचारांत तिचे केस गळले तेव्हा तिला एकटं वाटू नये म्हणून यानेही डोकं तासून घेतलं. पुढे तिचे केस आले, चांगले दाट आणि कुरळे आले. याचे गेले ते गेलेच. ती केस विंचरायला बसली की हा गुपचूप टोपी घालायचा.

कॅन्सरमधून उठलेल्यांना धीर द्यायला म्हणून सगळ्या वस्तीने मिळून ही देणगी-दौड ठेवली होती. पळायचं त्याने पळावं, चालायचं त्याने चालावं. बरे झालेल्यांच्या गळ्यात पिवळा पट्टा. तिला ती वाट कुणी हात न धरता पुरी करायची होती. आजारपणानंतर तिने साधा रस्तासुद्धा एकटीने ओलांडला नव्हता, कारण हात धरायला हा कायम तयार!

मग हा मुकाट्याने रेषेपाशी उभा राहिला का? छे, कसला! दौड सुटली, आणि गडी पिशवी खांद्याला लावून झाडाआडून झाडाआड तिच्या मागे निघाला. पिशवीत थर्मास, छत्री, चादर आणि तिच्या झाडून सगळ्या गोळ्या. ती जरा थांबली की याचा जीव खालीवर. ऊन चढलं, टोपीत डोकं शिजायला लागलं. शेवटी एका खांबाला टेकून त्याने टोपी काढली, आणि तिथेच घात झाला.

"अगंबाई! काका, तुम्ही मागेच राहिलात?" एक स्वयंसेविका धावत आली. टक्कल, घाम, गोळ्यांची पिशवी. तिला आणखी काय पुरावा हवा? "आणि पट्टा कुठाय तुमचा?"

"मी पेशंट नाहीये हो," तो कुजबुजला. ओरडून सांगावं तर पुढे बायको.

"नाहीच मुळी! आता तुम्ही जिंकलात!" असं म्हणून तिने पिवळा पट्टा त्याच्या गळ्यात घातलासुद्धा. "चला, तुमची पिवळ्या पट्ट्याची मंडळी पुढेच आहेत. गाठू या त्यांना."

गाठू या? मेलो! वेळ काढावा म्हणून लिफ्टवाला लंगडायला लागला. पण लंगडणाऱ्याला कुणी हळू चालवत नाही हो, खुर्चीत बसवतात! चाकांची खुर्ची आली, दोघा दांडग्यांनी त्याला उचलून तिच्यात ठेवलं आणि खुर्ची सुसाट सुटली.

"अहो, ऐका—"

"बोलू नका काका, दम लागेल."

"मला काही झालेलं नाही!"

"असंच वाटतं. घोटभर पाणी घ्या."

"नको."

"नको काय? घ्यायलाच हवं!"

ही वाक्यं त्याच्या चांगलीच ओळखीची होती. आजवर ती त्याच्या तोंडून निघत होती, एवढाच काय तो फरक. चादरसुद्धा त्याच्याच पिशवीतली काढून त्याच्याच पायांवर घातली. ऐन उन्हात!

"शाब्बास काका!" रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या सुरू झाल्या. त्या गलक्याने पुढे चाललेल्या बायकोने मान वळवली.

तिची रेषा अगदी समोर दिसत होती. तिने टक्कल पाहिलं, पट्टा पाहिला, मांडीवरची पिशवी पाहिली. आणि ती खरंच माघारी फिरली! लिफ्टवाल्याने डोळे मिटून घेतले. एवढ्या महिन्यांची तिची उमेद, आणि आपण तिच्यावर पाणी ओतलं. घातलीच शेवटी माती!

"तुमचे कोण हे?" स्वयंसेविकेने जवळ आलेल्या बायकोला विचारलं.

"नवरा."

"बाई गं! घरात दोघांनाही?" तिचे डोळेच भरून आले.

"हो ना," बायको म्हणाली. "मी बरी झाले. हे अजून व्हायचेत."

मग तिने त्या दोघा दांडग्यांना बाजूला केलं. "सोडा. मी नेते."

"अगं, तुला दम—"

"बोलू नका. दम लागेल."

तिने खुर्चीला असा रेटा दिला की लिफ्टवाल्याने दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या. मागून तिचा श्वास ऐकू येत होता. जोरात होता, पण एका लयीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला त्यात कुठलाही बिघाड ऐकू आला नाही. तिचे दोन्ही हात खुर्चीला होते, आणि तिचा हात मात्र कुणीच धरला नव्हता.

रेषा आली. तेव्हा कुठे त्याला सकाळी नेमून दिलेलं काम आठवलं. कडा सोडून तो टाळ्या वाजवायला लागला, नाक ओढत, वेड्यासारखा.

"काका, पुरे आता, हात दुखतील," स्वयंसेविका म्हणाली.

"दुखू देत," तो म्हणाला.