धोंडाबाईंची रिकामी लॉरी

धोंडाबाईंनी शेळी विकली ती लॉरी रिकामी पळवण्यासाठी, आणि कुरवंड्यात हे एकालाही पटले नाही.

कारण मागच्या वर्षीचे होते. तळेगावच्या फळप्रदर्शनासाठी त्यांनी आपल्या झाडाची जांभळे पाटीत घालून लोणावळ्यापर्यंत डोक्यावरून आणली आणि तिथून दिगंबरपंतांच्या लॉरीत चढवली. ही लॉरी भरल्याशिवाय सुटत नसे. सुटली की कार्ल्याच्या फाट्यावर थांबे, कामशेतला थांबे, आणि दर ठिकाणी माल उतरून पुन्हा चढताना कोणाचे तरी सामान तळाशी जाई. त्या दिवशी धोंडाबाईंची पाटी कोळशाच्या पोत्याखाली गेली. प्रदर्शनाचे चिटणीस अनंतराव पाटीत डोकावून म्हणाले, "बाई, शाईचा विभाग आपल्याकडे नाही."

पहिल्या बक्षिसाची पितळी घागर अंबाजी पाटलांनी नेली. अंबाजी म्हणजे धोंडाबाईंचे चुलत दीर. ते स्वतःच्या बैलगाडीत गवताची गादी करून आदल्या संध्याकाळीच निघत. घागर घेऊन परतताना त्यांनी धोंडाबाईंना हटकले होते, "वैनी, औंदा सरबत केलं का?"

यंदा दिगंबरपंतांनी लॉरीवर नवी पाटी रंगवली होती : 'तातडीची मालवाहतूकही होईल.' धोंडाबाईंनी ती वाचून घेतली आणि चौकशीला आल्या.

"तातडीची म्हंजी जोरात पळती का?"

"नाही. इंजिन तेच, रस्ता तोच," दिगंबरपंत म्हणाले. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला की आनंद होई. "नेहमीची लॉरी पळते कमी आणि थांबते फार. तातडीची थांबत नाही, एवढाच फरक. एकाचाच माल. मध्ये चढ-उतार नाही. इथे ठेवलेली पाटी तिथेच उतरणार."

"आन उरल्याली जागा?"

"तिचंही भाडं तुम्हीच भरायचं."

"मंग ती माझी?"

"तळेगावापर्यंत तुमची."

"तितं कोन बसला तर?"

दिगंबरपंतांनी विचार करून सांगितले, "तर तो तुमच्या घरात न विचारता शिरला, असं समजायचं."

धोंडाबाईंनी तसेच समजायचे ठरवले.

प्रदर्शनाच्या दिवशी उजाडताच लॉरी निघाली. मागे एवढ्या मोठ्या जागेत मधोमध एक पाटी, ओल्या फडक्याने झाकलेली. पुढे ड्रायव्हर महिपती आणि त्याच्या शेजारी धोंडाबाई. महिपतीचा जीव मात्र गाडीत नव्हता. या रस्त्यावर कोणी हात केला की गाडी थांबे. रिकामी गाडी पुढे नेणे म्हणजे हात करणाऱ्याच्या तोंडावर दार लावणे, आणि महिपतीने आजवर कोणाच्या तोंडावर दार लावले नव्हते.

वलवणला त्याची सख्खी मावशी सरुबाई दोन कोंबड्या घेऊन उभी होती. तिने हात केला. महिपतीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"पाय उचल," धोंडाबाई म्हणाल्या.

"मावशी, माझी मावशी हाय ती."

"तुजी मावशी, माझी गाडी."

लॉरी पुढे गेली. सरुबाई मागून काय म्हणाली ते कोंबड्यांच्या आवाजात कळले नाही, पण महिपतीने अंदाज केला आणि मान खाली घातली.

कार्ल्याच्या फाट्यावर फौजदारांनी हात केला. त्यांना वडगावच्या कचेरीत जायचे होते. इथे महिपतीने धोंडाबाईंकडे न बघताच गाडी थांबवली.

"मागं पुष्कळ जागा आहे," फौजदार म्हणाले आणि चढू लागले.

"सायेब, ती जागा तळेगावापातूर माझं घर हाय," धोंडाबाई म्हणाल्या. "घरात शिराया तुमाला वारंट लागतंय न्हवं?"

फौजदारांचा एक पाय वर होता. तो वर ठेवावा की खाली घ्यावा, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला. वारंट नव्हते. लॉरी निघाली तेव्हा दोन्ही पाय रस्त्यावर होते.

"मावशी, माझं लायसन जाईल," महिपती म्हणाला.

"माझी तर शेळी गेली."

कामशेतच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी कलती पडलेली दिसली. आस मोडला होता. बैल सोडून बांधले होते, आणि बाभळीच्या सावलीत जांभळांची पाटी सांभाळत अंबाजी पाटील बसले होते. लॉरी बघताच ते उठले आणि दोन्ही हात वर करून रस्त्यात आले.

"हळू कर, पर थांबू नको," धोंडाबाई म्हणाल्या.

"वैनी," अंबाजी लॉरीबरोबर चालू लागले, "एकच पाटी हाय गं. मी न्हाई बसत. पाटी तेवढी घे."

"भावजी, औंदा तुमी सरबत करा."

महिपतीने गाडी सोडली. धोंडाबाईंनी वळून बघितले नाही.

तळेगावला त्या ऊन चढायच्या आत पोचल्या. जांभळे झाडावरून नुकती उतरवल्यासारखी दिसत होती. अनंतरावांनी चष्मा पुसून दोनदा बघितली. मग वहीत बघितले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बाई, जांभळाच्या विभागात तुम्ही एकट्याच."

"मंग घागर द्या."

"देता येत नाही. एकाच स्पर्धकाला पहिला कसा म्हणायचा? निदान दोन तरी हवेत."

"माजी दोन पाट्यांत वाटा."

"त्या दोन पाट्या झाल्या. माणूस एकच."

"दुसरा न्हाई आला ह्यात माजा काय गुना?"

"गुन्हा काही नाही," अनंतराव म्हणाले. "पाटील दरवर्षी येतात. वाटेत कुठे दिसले का?"

महिपतीने तंबूच्या छताकडे बघायला सुरुवात केली.

धोंडाबाईंनी पाटी टेबलावर ठेवली, फडके नीट केले, अनंतरावांना म्हणाल्या, "दुपारपातूर वही मिटू नगा," आणि बाहेर आल्या. "गाडी वळव."

"मावशी, भाडं हितवर होतं."

"घरी करडू हाय अजून एक. वळव म्हनते."

अंबाजी बाभळीखालीच होते. लॉरी तळेगावच्या बाजूने परत आली, समोर थांबली आणि धोंडाबाई खाली उतरल्या, हे त्यांनी शांतपणे बघितले. मग तपकीर काढली.

"बसा भावजी."

"न्हाई बसत."

"पाटी द्या मंग."

"पाटीबी न्हाई." त्यांनी तपकीर ओढली. "मघाशी लय घाई होती. आता का माया आली?"

धोंडाबाईंना खोटे सुचले असते, पण वेळ नव्हता. "तुमी न्हाई आला तर घागर कुनालाच न्हाई. हरायला तरी चला."

अंबाजींनी हे दोन-तीनदा मनात फिरवले. न जाऊन वहिनीची घागर बुडवता येत होती. पण 'हरायला' हा शब्द त्यांच्या कानात कुसळासारखा राहिला.

"कोन हारतंय ते बगू," ते म्हणाले, बैल आणि गाडी उद्यापर्यंत जवळच्या वस्तीवर सोपवली आणि पाटी घेऊन स्वतःच मागे चढले.

पुढे वडगावच्या वेशीवर कोणीतरी हात केला. महिपतीचा पाय सवयीने ब्रेककडे गेला. मागून अंबाजींनी टपावर थाप मारली. "थांबतो कशाला रं? तातडीची गाडी हाय, कळत न्हाई?"

निकाल दुपारी लागला. परीक्षकांनी दोन्ही पाट्यांतली जांभळे खाल्ली, जिभा एकमेकांना दाखवल्या आणि बराच वेळ कुजबुजले. अंबाजींची जांभळे मोठी होती, पण आस मोडला तेव्हा एका बाजूला दबली होती. घागर धोंडाबाईंना मिळाली. अंबाजींना दुसऱ्या बक्षिसाचे फुलपात्र मिळाले, ते त्यांनी ताबडतोब बाराबंदीच्या आत घातले.

संध्याकाळी तीच लॉरी नेहमीची होऊन परत निघाली. कांद्याची पोती, तेलाचे डबे, काथ्याचे गठ्ठे, माणसे. पोत्यांवर धोंडाबाई, मांडीवर घागर. समोर अंबाजी. वडगावला फौजदार पुढच्या जागेवर बसले आणि मागे वळून म्हणाले, "बाई, आता वारंट लागेल का?"

"न्हाई सायेब. आता ही समद्यांची गाडी हाय. बसा ऐसपैस."

लॉरी कामशेतला थांबली. कार्ल्याला थांबली. प्रत्येक ठिकाणी कोणी चढले, कोणी उतरले, आणि प्रत्येकाने विचारले की ही घागर कसली. धोंडाबाईंनी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितले. बैलगाडीचा आस त्यांनी कुठेही गाळला नाही.

वलवण आले. रस्त्यावर कोणी नव्हते.

"थांब रं महिपती," धोंडाबाई म्हणाल्या. "सरुबाईचं घर आलं."

"मावशी, कुनीबी हात केला न्हाई."

"मी करते की." त्यांनी घागरीसकट हात वर केला. "आन हाक मार तिला. शेजारनींनाबी बोलीव."

गाडी थांबली. अंबाजींनी बाराबंदीतले फुलपात्र आणखी आत सारले, पोत्यांवरून पुढे वाकले आणि महिपतीच्या कानाशी हळूच म्हणाले,

"हितनं लोनावळ्यापातूर तातडीच्या गाडीचं काय घेशील?"